पार्किंगमधली चूल बंद करू नका : सोसायटीच्या कमिटीला खुले पत्र

१५ मे २०२०

प्रति,
माननीय अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि व्यवस्थापक समितीचे सर्व सदस्य,

स. न. वि. वि.

मंगळवारी संध्याकाळी लिफ्टशेजारच्या फलकावर तुमची नोटीस लागली. तिच्यात चार कलमं आहेत. सोमवार, १८ मेपासून पार्किंगमध्ये अन्न शिजवणं आणि मागच्या गेटवरून वाटणं बंद. घरकाम करणाऱ्या बायकांना लॉकडाऊन उठला तरी पुढील सूचनेपर्यंत प्रवेश नाही, आणि त्यांच्या पगाराचं ‘ज्याचं त्याने पाहावं’. रुग्णालयात नोकरी करणारे भाडेकरू ज्यांच्या फ्लॅटमध्ये आहेत त्या मालकांनी ‘पर्यायी व्यवस्थेचा विचार करावा’. आणि वॉचमन, दूधवाला, सफाईवाले यांनी गेटवरच्या जंतुनाशक फवारणीच्या कमानीतूनच आत यावं.

नोटीस लागली त्याच रात्री सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फक्त ॲडमिनलाच लिहिता येईल अशी सोय झाली. म्हणून हे पत्र उघड लिहिते आहे. शिवाय ही नोटीस एकट्या आपल्या सोसायटीची नाही. पुण्याच्या बाणेर-वाकड पट्ट्यातल्या ओळखीच्या घरांतून मला अशाच नोटिशींचे फोटो आले, काहींत तर वाक्यंही तीच. बहुधा एकाने लिहिलेली दुसऱ्याने उतरवून काढली. म्हणून सोसायटीचं नाव इथे घालत नाही. ज्या कमिटीला हे पत्र लागू पडेल तिने ते आपल्यालाच आलं असं समजावं.

मी बी विंगमध्ये बिल्डरने ताबा दिला तेव्हापासून राहते. घरात ऐंशी ओलांडलेली आई आहे, तिला दमा आहे. तेव्हा कोरोनाची भीती काय असते ते मला कुणी समजावून सांगायला नको. तुम्ही काळजीपोटी नोटीस काढली हे मला मान्य आहे. प्रत्येक मजल्यावर कुणाला ना कुणाला मधुमेह आहे, रक्तदाब आहे, आणि उद्या काही झालं तर बोट तुमच्याकडेच दाखवलं जाईल. पण काळजी घेण्याचा हा मार्ग नव्हे. आणि पार्किंगमधल्या स्वयंपाकाचं वेळापत्रक मी लावते, त्यामुळे गप्प बसणं मला शक्य नाही.

हे सगळं सुरू कसं झालं ते नोटिशीत नाही. ते लिहायला हवं.

आपल्या मागच्या कंपाऊंडला लागून नव्या टॉवरच्या साइटचा लेबर कॅम्प आहे. पत्र्याच्या खोल्या, एक नळ. २३ मार्चला काम थांबलं आणि ठेकेदाराने पहिल्या आठवड्याचा खर्च देऊन पुढे फोन उचलणं बंद केलं. महिनाअखेरीस तिथल्या चुली पेटेनाशा झाल्या. हे पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं, तर ई विंगमधल्या दहावीच्या मुलाच्या, कारण तो दिवसभर बाल्कनीतच उभा असायचा. मग चार घरांनी दहा-दहा पोळ्या द्यायच्या ठरल्या. पुढे घरं वाढली, पोळ्या वाढल्या, आणि भाजी-आमटीला मोठं भांडं लागू लागलं तेव्हा गणपतीच्या महाप्रसादाची पातेली बाहेर निघाली. ती ठेवलेल्या खोलीची किल्ली सचिवांनी स्वतः आणून दिली होती. ते मी विसरलेले नाही, त्यांनीही विसरू नये.

सुरुवातीला आम्ही खिचडीच करत होतो. सोपी पडते, एका पातेल्यात होते, आणि मदत म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे खिचडीच येते. पाच-सहा दिवसांनी कॅम्पमधल्या एका बाईने मागच्या गेटवर हात जोडून सांगितलं, ‘दीदी, आटा मिल जाए तो हम बना लेंगे.’ तिच्याकडे चूल होती, सरपण होतं, हात होते. नव्हतं ते फक्त पीठ. मग आम्ही विचारायला शिकलो. कुटुंबवाल्यांना कोरडा शिधा : कणीक, तांदूळ, तूरडाळ, तेल, मीठ, हळद-तिखट, कांदे-बटाटे. एकटे राहणारे, ज्यांच्याकडे स्टोव्हही नाही, त्यांना तयार जेवण. विचारत गेलो तसतशी यादी बदलत गेली. तान्ह्या बाळासाठी दूध. बायकांसाठी पॅड, जे पुरुष स्वयंसेवक असले की कुणी मागत नव्हतं. डासांच्या अगरबत्त्या. आणि सगळ्यात आधी, जेवणाच्याही आधी, मोबाइलचं रिचार्ज. आम्हाला ते चैनीचं वाटलं होतं. पण गावाकडे आई आजारी, गाडी सुटणार की नाही कळायला दुसरा मार्ग नाही, ठेकेदाराला गाठायचं तेही त्यावरच.

१ मेपासून मजुरांना गावी नेणाऱ्या श्रमिक रेल्वे सुरू झाल्या तेव्हा फॉर्मचं काम आलं. सुरुवातीला डॉक्टरचा दाखलाही मागत होते. नावं, आधार, गावचं ठाणं, जिल्हा, एका राज्याची एक यादी, ती पोलीस चौकीत. हे काम त्या दहावीच्या मुलाने उचललं. त्याचा भूगोलाचा पेपर २३ मार्चला होता, तो पुढे ढकलला आणि मग रद्दच झाला. पलामू कुठे, गढवा कुठे, सतना आणि रीवा यांत अंतर किती, हे आता त्याला तोंडपाठ आहे. बोर्डाने त्याची तोंडी परीक्षा घ्यावी, पैकीच्या पैकी मिळतील.

हे सांगते आहे ते आमची पाठ थोपटून घ्यायला नाही. माझं म्हणणं वेगळंच आहे. या दोन महिन्यांत आपल्याच इमारतींत भीतीने माणसं कशी झाली होती ते तुम्हीही पाहिलंत. भाज्या साबणाच्या पाण्यात बुडवणं, पेपरला इस्त्री करणं, रात्रभर टीव्हीवरचे आकडे बघत बसणं. ए विंगमध्ये एक निवृत्त काका आहेत. पत्नी गेल्यापासून कुणाशी बोलत नसत. मार्चअखेरीस तर ते दारही उघडेनात. त्यांना स्वयंपाकात बोलावण्यात अर्थ नव्हता, वयही नाही. आम्ही त्यांच्या हाती एकट्या राहणाऱ्या वृद्धांची यादी दिली आणि इंटरकॉमवरून रोज सकाळी एक फोन करायला सांगितलं. ‘औषध आहे का, दूध आलं का’ इतकंच. आता ते फोन तासभर चालतात. कोणाची रक्तदाबाची गोळी कधी संपते याची त्यांनी वही केली आहे, आणि गोळी संपायच्या दोन दिवस आधी केमिस्टकडे निरोप जातो. परवा त्यांनी मला दरडावून विचारलं की डी विंगमधल्या आजी कालपासून फोन उचलत नाहीत, वर जाऊन कोणी पाहिलं का? (आजी ठीक आहेत. रिसीव्हर नीट ठेवला नव्हता.)

पार्किंगच्या जागेवरून चार वर्षं भांडणारी दोन घरं, ती तर तुमच्याकडे लेखी तक्रारी देऊन बसली आहेत, सध्या एकाच शेगडीपाशी उभी असतात. वाद मिटलाय असं नाही. पण फोडणी करपू नये यावर त्यांचं एकमत आहे.

ज्यांच्या हाताला दुसऱ्यासाठी काही काम मिळालं त्यांची भीती कमी झाली. धोका कमी झाला म्हणून नाही. दिवसाला काही आकार आला म्हणून. ही गोष्ट तुम्ही सोमवारपासून बंद करायला निघाला आहात. बाहेरच्यांना आपण जेवण देतो हे अर्धंच खरं आहे. आपल्या सोसायटीची डोकी जी काही ठिकाणावर आहेत ती त्या पातेल्यामुळे आहेत.

आता कलमांकडे येते.

स्वयंपाक बंद करण्याची कारणं नोटिशीत तीन दिली आहेत : गर्दी, स्वच्छता, आणि ‘सोसायटीची प्रतिमा’. गर्दीचं म्हणाल तर मागच्या गेटबाहेर चुन्याचे गोल आखलेले आहेत, कॅम्पमधून एका खोलीतला एकच माणूस येतो, आणि बाहेरचं कोणी आत पाऊल टाकत नाही. आत एका वेळी चारजण, मास्क लावून. याहून जास्त गर्दी ४ मेला दारूची दुकानं उघडली तेव्हा आपल्याच चौकात झाली होती, आणि त्या रांगेत आपले सभासद नव्हते असं मी म्हणणार नाही. स्वच्छतेबद्दल तक्रार असेल तर ती ऐकून घेऊ. काम झाल्यावर जागा धुतली जाते, पाणी बोअरचं, जो नळ गाड्या धुवायला होता तोच. सोसायटीचा एक पैसाही यात नाही. हिशोब दर रविवारी फलकावर लागतो, पावत्यांसकट.

राहिली प्रतिमा. यावर काय बोलावं? फ्लॅटच्या किमती उतरतील असं एका सदस्यांनी बोलून दाखवलं. मार्चपासून या शहरात फ्लॅट घ्यायला आलेला एक माणूस मला दाखवा, मग आपण त्याला काय दिसतं यावर चर्चा करू. आपली संस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदलेली आहे. जगभरच्या सहकारी चळवळीने १९९५ साली जी सात तत्त्वं नक्की केली त्यांतलं सातवं तत्त्व आसपासच्या समाजाची काळजी वाहण्याचं आहे. ते नुसतं बँका आणि दूधसंघांसाठी लिहिलेलं नाही.

काल संध्याकाळी अर्थमंत्र्यांनी जाहीर केलं की रेशनकार्ड नसलेल्या स्थलांतरित मजुरांना दोन महिने माणशी ५ किलो धान्य आणि कुटुंबाला १ किलो हरभरा मोफत मिळणार. चांगली गोष्ट आहे, उशिरा का होईना. पण घोषणा दिल्लीत झाली म्हणजे पोतं इथल्या कॅम्पवर उतरलं असं होत नाही. यादी व्हायची, दुकान ठरायचं, माल यायचा. तोवर सोमवार, मंगळवार, बुधवार आहेतच. सरकारची शिवभोजन थाळी या लॉकडाऊनमध्ये पाच रुपयांत मिळते हे खरं, पण केंद्रापर्यंत चालत जायचं तर वाटेत पोलिसांना काय सांगायचं हे त्या मजुरांना विचारा.

आणि सोय नसली की माणसं निघतात. चालत निघतात. गेल्या शुक्रवारी, ८ मेच्या पहाटे, जालन्याहून भुसावळची गाडी पकडायला रुळांवरून निघालेले मध्य प्रदेशातले १६ मजूर करमाडजवळ मालगाडीखाली गेले. थकून रुळांवरच झोपले होते. त्यांच्या शिदोरीतल्या चपात्या रुळांवर पसरलेला फोटो तुम्ही सगळ्यांनी पाहिला, ग्रुपवर हात जोडल्याच्या खुणाही टाकल्या. त्या दिवशी आमच्याकडे पोळ्या गोळा करताना कोणी बोललं नाही. पण रोजच्यापेक्षा जास्त पोळ्या आल्या, न सांगता. आपले लोक असे आहेत. तुमची नोटीस त्यांना अशी वागू देत नाही, ही माझी मुख्य तक्रार आहे.

दुसरं कलम, घरकामाच्या बायकांचं. त्यांना उद्यापासून कामावर बोलवा असं मी म्हणत नाही. त्यांतल्या बऱ्याचजणी काळेवाडी-रहाटणीच्या बाजूला एकेका खोलीत सहा-सातजण राहतात. तिथला भाग प्रतिबंधित क्षेत्रात गेला तर येणं त्यांच्याही जिवावरचं आहे. पण कामावर येऊ न देणारे आपण, आणि पगार बुडणार त्यांचा, हा कुठला न्याय? पंतप्रधानांनी १९ मार्चच्या भाषणात अगदी स्पष्ट सांगितलं होतं की ज्यांच्याकडून आपण सेवा घेतो त्यांचे पैसे कापू नका. त्याच भाषणात २२ तारखेला थाळ्या वाजवायला सांगितलं होतं. थाळ्या आपण वाजवल्या, भरपूर वाजवल्या, एक तर फुटलीही. पगाराचं वाक्य मात्र पुष्कळांना ऐकू गेलं नाही.

गृह मंत्रालयाचा २९ मार्चचा आदेश कारखाने, दुकानं, व्यापारी आस्थापनांना पूर्ण वेतन द्यायला सांगतो. घरकाम करणाऱ्या बायका त्यात बसत नाहीत. म्हणजे कायद्याचा धाक नाही, आपल्या दानतीवर सोडलंय. माझ्याकडे भांडी-फरशीला येणाऱ्या मावशी पाच घरं करतात. एप्रिलचा पगार त्यांतल्या दोन घरांनी दिला. रेशनकार्ड गावाकडे सासऱ्यांच्या नावावर आहे. त्या परवा गेटपर्यंत चालत आल्या होत्या. पैसे मागायला नव्हे, ‘काम गेलं का तेवढं सांगा’ असं विचारायला. वॉचमनने त्यांना उभं राहू दिलं नाही. त्याला तुमचा तसा हुकूम होता. ‘ज्याचं त्याने पाहावं’ असं लिहून तुम्ही हात झटकलेत, पण गेट मात्र ज्याचं त्याला पाहू दिलं नाहीत. ते कमिटीच पाहते. मग पगाराचं आवाहनही कमिटीनेच करायला हवं.

तिसऱ्या कलमाबद्दल मला राग आहे, तो लपवत नाही. सी विंगमध्ये एक नर्स दोन मैत्रिणींबरोबर भाड्याने राहते. कोणत्या रुग्णालयात काम करते ते लिहीत नाही, लिहायची गरज नाही. बारा तासांची ड्युटी करून ती परत येते तेव्हा लिफ्टमध्ये कोणी असेल तर तो बाहेर येतो. गेला आठवडाभर तिच्या दारातला कचरा उचलला गेला नाही. आणि तुम्ही मालकांना पर्यायी व्यवस्था पाहायला सांगता. नोटिशीवरची तारीख तुमच्या लक्षात आली नसेल. १२ मे हा जागतिक परिचारिका दिन. यंदा तर फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या जन्माला दोनशे वर्षं झाली. त्याच दिवशी आपण आपल्या नर्सला घर सोडायला सुचवलं.

२२ एप्रिलला केंद्र सरकारने साथरोग कायद्यात वटहुकुमाने दुरुस्ती केली, ती कृपा करून वाचा. आरोग्यसेवकांवरच्या हिंसेच्या व्याख्येत मारहाण तर आहेच. त्यांच्या राहण्याच्या आणि कामाच्या परिस्थितीवर परिणाम होईल असा छळही त्यात धरला आहे. शिक्षा तीन महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत. राज्याच्या गृहनिर्माण विभागानेही १७ एप्रिलला सांगितलं आहे की भाडं थकलं तरी किमान तीन महिने वसुली पुढे ढकला आणि भाडेकरूला घराबाहेर काढू नका. हिचं तर भाडंही थकलेलं नाही. मला कोणावर तक्रार नोंदवायची नाही. पण सचिव वकील आहेत. त्यांनी हे कलम सहीपूर्वी पाहिलं कसं नाही, याचं आश्चर्य वाटतं. तो मूळ कायदा १८९७ सालचा, प्लेगच्या धास्तीने केलेला. त्या साथीत पुण्यात घराघरांत शिरून झडत्या झाल्या, लोक गाव सोडून पळाले. आणि त्याच साथीत सावित्रीबाई फुल्यांनी मुंढव्याच्या आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखाना गाठला आणि त्यातच १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. दर जानेवारीत आपण क्लबहाउसमध्ये त्यांच्या तसबिरीला हार घालतो.

चौथं, ती कमान. यावर थोडक्यात. माणसांच्या अंगावर जंतुनाशक फवारू नये, त्याने विषाणू जातो याला आधार नाही, उलट डोळ्यांची-कातडीची जळजळ आणि मळमळ होऊ शकते, असं आरोग्य मंत्रालयाने १८ एप्रिललाच कळवलं आहे. आपण ती कमान त्यानंतर बसवली, मेंटेनन्समधून. सभासद गाडीतून येतात तेव्हा काचा वर असतात. दिवसातून अनेकदा भिजतो तो वॉचमन. त्याचे डोळे लाल आहेत ते जागरणाने, असं तुम्ही म्हणालात. जागरण तर आहेच : बस बंद झाल्यापासून दोघे वॉचमन मीटर रूममध्ये झोपतात, एक पंखा मागून महिना झाला.

आईने तुमची नोटीस मला दोनदा वाचायला लावली. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं तेव्हा ती नारायण पेठेत होती. सकाळी पाणी आलं आणि अंगावरच्या लुगड्यानिशी घरातले सगळे बाहेर पडले. त्यानंतरचे दिवस तिने ज्या घरात काढले ते कुणाचं होतं हे तिला त्याआधी ठाऊकही नव्हतं. वरच्या अंगाच्या वस्तीतल्या एका बाईने रस्त्यावरून बोलावून घेतलं, इतकंच. तेव्हा पटकी, म्हणजे कॉलरा, पसरेल अशी धास्ती गावभर होती, टोचून घ्यायला रांगा लागल्या होत्या. आई म्हणते, ‘भीती तिलाही असणारच की. तिचीही लहान पोरं होती. तिने आम्हाला ओसरीवर ठेवलं, भांडी वेगळी दिली, पाणी उकळून दिलं. पण दार लावलं नाही.’ पुढे पूरग्रस्तांच्या गृहनिर्माण संस्था झाल्या, त्या पुण्यात आजही आहेत. या शहरातल्या कितीतरी सोसायट्या अशाच, घर गेलेल्या माणसांनी एकत्र येऊन उभ्या केलेल्या आहेत.

ओसरीवर ठेवणं, भांडी वेगळी देणं, पाणी उकळणं, याला माझी हरकत नाही. नियम करा, कडक करा. मास्क नाही तर गेट नाही म्हणा. स्वयंपाकाला साठीच्या आतलेच म्हणा. आम्ही आधीपासून तेच करतो. आमच्यापैकी कोणाला ताप आला तर सगळं चार दिवस थांबवा, कुरकुर करणार नाही. तपासायला रोज कमिटीचा एक माणूस येऊन उभा राहू दे. उभं राहायचा कंटाळा आला तर कांदे चिरायला आहेत.

आमच्या मागण्या अशा आहेत.

१८ मेपासून स्वयंपाक बंद करण्याचं कलम मागे घ्यावं. सरकारी धान्य कॅम्पवर प्रत्यक्ष पोचेपर्यंत, किंवा तिथले शेवटचे लोक आपापल्या गाडीत बसेपर्यंत, पार्किंगचा तो कोपरा, बोअरचा नळ आणि महाप्रसादाची पातेली आम्हाला वापरू द्यावीत. पावसाळा तोंडावर आहे, जूनमध्ये तिथे पाणी साचतं. तेव्हा क्लबहाउसच्या मागची मोकळी खोली देण्याचा विचार आत्ताच करावा.

घरकामाच्या बायकांचे एप्रिल आणि मेचे पगार द्यावेत असं कमिटीने लेखी आवाहन करावं, नावानिशी सही करून. ज्यांची स्वतःची नोकरी गेली आहे किंवा पगार कापला आहे, अशी घरं आपल्यात आहेत. त्यांनी गुपचूप सांगावं, तेवढ्यापुरता मदतनिधी उभा करायला आम्ही तयार आहोत. ज्या बायकांना कल्याण मंडळात नोंदणी करायची असेल त्यांना कामाचा दाखला प्रत्येक घराने द्यावा. २००८ चा कायदा त्यांच्यासाठीच आहे, पण मालकिणीच्या सहीशिवाय तो त्यांच्या उपयोगाचा नाही.

नर्सबद्दलचं कलम नुसतं रद्द करून भागणार नाही. अध्यक्षांनी तिला फोन करावा. काय बोलायचं ते मी सांगायला नको. तिचा कचरा आजपासून उचलला जावा. तिचा डबा ड्युटीच्या दिवशी आम्ही देतो आहोतच.

कमान काढून टाकावी आणि त्या जागी नळ आणि साबण ठेवावा. वॉचमनना पंखा, दोन गाद्या.

आणि व्हॉट्सॲप ग्रुप पुन्हा सगळ्यांसाठी खुला करावा. तुमच्यावर टीका होईल, सहन करा. त्याच ग्रुपवर काकांची औषधांची यादी जाते.

रविवारी, १७ तारखेला सकाळी अकरा वाजता तुमची ऑनलाइन बैठक आहे असं कळलं. हे पत्र त्या बैठकीत वाचून दाखवावं आणि निर्णय त्याच दिवशी कळवावा, कारण सोमवारच्या पोळ्यांचा निरोप आम्हाला रविवारी संध्याकाळी सहापर्यंत घरोघर द्यावा लागतो. तुमचं उत्तर फलकावर लावा. आणि पगाराच्या आवाहनाची एक प्रत गेटच्या बाहेरच्या बाजूलाही चिकटवा, मोठ्या अक्षरांत, मराठीत आणि हिंदीत. चौकशीला येणाऱ्या बायकांना वॉचमनने काय सांगायचं हा प्रश्न तरी सुटेल.

आपली,
बी विंगमधली एक सभासद
(पार्किंगमधल्या स्वयंपाकाच्या गटाच्या वतीने)